वजनकाट्याचं ॲप एसक्यूएसला जोडलं. एकाच खेपेचे दोन-दोन एसएमएस जायलेत

काटा_कळंब
विभाग: बॅकएंड आणि क्लाउड

नमस्कार मंडळी. साखर कारखान्याच्या काट्याचं सॉफ्टवेअर आहे. काटे दोन: एकावर भरलेली गाडी, दुसऱ्यावर रिकामी. दोन्ही केबिनमध्ये विंडोज १० चा एकेक पीसी. इंडिकेटरचं वजन सिरियल पोर्टवरून येतं, पायथनचं ॲप ते वाचतं, बोटो३ (ॲमेझॉनच्या क्लाउडशी बोलणारी पायथनची लायब्ररी) वापरून मुंबई रीजनमधल्या ॲमेझॉन एसक्यूएसच्या (मेसेज रांगेत ठेवणारी क्लाउड सेवा) स्टँडर्ड क्यूत मेसेज टाकतं आणि मग पावती छापतं. पलीकडे मुंबईतच एक छोटं ईसी२ मशीन (ॲमेझॉनचा भाड्याचा सर्व्हर) आहे. त्यावरचा प्रोग्रॅम मेसेज उचलतो, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये लिहितो, भरलेल्यातून रिकामं वजा करून निव्वळ वजन काढतो आणि ऊस उत्पादकाला एसएमएस पाठवतो. दिवसाला साधारण ४०० गाड्या, म्हणजे ८०० मेसेज. क्यूचं सेटिंग जसं आलं तसंच ठेवलंय, कशालाच हात लावलेला नाही.

सर्व्हरवर त्याच प्रोग्रॅमच्या तीन प्रोसेस चालतात. प्रत्येक प्रोसेस एका वेळी १० मेसेज मागते, एकेक करून डेटाबेस आणि एसएमएस उरकते, आणि दहाही झाले की शेवटी एकदम डिलीट करते. एसएमएसवाल्याची एपीआय एका कॉलला ४ सेकंद घेते, गर्दीत जास्त. क्यू रिकामी असली तर १ सेकंद थांबून परत विचारते.

आता दुखणं. एकाच पावतीचे दोन एसएमएस जायलेत, कधी तीन. एरवी फारसं होत नाही, पण नेट जाऊन आलं की हमखास. दुसरं, कधीकधी रिकाम्या गाडीचं वजन आधी पोचतं आणि भरलेल्याचं नंतर. मग निव्वळ वजन काढताना प्रोग्रॅम एरर देतो. तिसरं, नेट गेलं की काट्यावरचं ॲप 'सेव्ह'वर अडकून बसतं, मिनिट-दोन मिनिटं तरी, कधी त्याहून जास्त, आणि मागं ट्रॅक्टरची रांग लागते. ऑपरेटर वैतागून हाताने पावती देतो आणि नंतर 'पुन्हा पाठवा' दाबतो. चौथं विचित्र आहे: रिकाम्या काट्याच्या पीसीवर, कारखाना साफसफाईला थांबून पीसी बंद राहिला की सुरू केल्यावर 'सिग्नेचर एक्सपायर्ड' येतं. थोड्या वेळानं आपोआप चालू होतं. दुसऱ्या पीसीवर तेच ॲप, तीच की, तिथं कधीच येत नाही. असं कामून होत असेल?

स्टँडर्डऐवजी फिफो क्यू (आलेल्या क्रमानंच मेसेज देणारी) घेतली तर हे सगळं मिटेल का, हा मुख्य प्रश्न.


वाळूज_बॅकएंड

पहिल्या दुखण्याचं मूळ तुमच्या वर्णनातच आहे, गणित मांडून बघा. एसक्यूएसमधून मेसेज उचलला म्हणजे तो क्यूतून गेला असं होत नाही. तो फक्त काही काळ इतरांपासून झाकला जातो. हा काळ म्हणजे व्हिजिबिलिटी टाइमआउट, आणि हात लावला नाही तर तो ३० सेकंद असतो. तुम्ही दहा मेसेज एकत्र उचलले की दहाचीही घड्याळं त्याच क्षणी सुरू होतात. आठव्याचं घड्याळ आठव्याला हात लावल्यावर सुरू होत नाही. एकाला ४ सेकंद धरले तर दहाला ४० सेकंद. तिसाव्या सेकंदाला तुमची पहिली प्रोसेस आठव्या मेसेजवर आहे, डिलीट अजून एकही नाही. दहाचे दहा परत दिसायला लागतात आणि दुसरी प्रोसेस ते उचलते. पहिल्या सातांचे एसएमएस आधीच गेलेले आहेत, ते आता परत जाणार. दुसरीही ३० सेकंदांत आटपत नाही, म्हणून कधी तिसरा.

शेवटी पहिली प्रोसेस जे डिलीट करते त्यातही गोम आहे. मेसेज प्रत्येक वेळी उचलला की त्याचं रिसीट हँडल (डिलीट करताना द्यायची खूण) नवं मिळतं. मधल्या काळात दुसऱ्यानं तो उचललेला असेल, तर स्टँडर्ड क्यूत जुन्या हँडलनं केलेल्या डिलीटला 'झालं' असं उत्तर येतं, पण मेसेज गेलेलाच असेल याची खात्री नसते. लॉगमध्ये सगळं हिरवं आणि क्यूत मेसेज तसाच, हे त्यामुळे.

एरवी का होत नाही? एरवी क्यूत एक-दोनच मेसेज असतात, ८ सेकंदांत संपतात. नेट आलं की साचलेले एकदम येतात आणि दहाची बॅच पूर्ण भरते.

आज लगेच करायचं ते असं. एकेक मेसेज पूर्ण झाला की तिथेच डिलीट करा, दहाची वाट बघू नका. व्हिजिबिलिटी टाइमआउट १८० सेकंद करा. एसएमएसच्या कॉलला टाइमआउट घाला: पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी वापरत असाल तर तिला स्वतःचा टाइमआउट नसतो, समोरचा सर्व्हर गप्प बसला तर तीही अमर्याद बसून राहते. १० सेकंद द्या. म्हणजे वाईटात वाईट दहा मेसेज गुणिले १० सेकंद, १०० झाले, वर डेटाबेसचे थोडे. १८० मध्ये बसतं. ही मर्यादा १२ तासांपर्यंत वाढवता येते, पण उगाच तासभर ठेवू नका. प्रोसेस मध्येच मेली तर तिच्या हातातले मेसेज तेवढा वेळ कुणालाच दिसत नाहीत.

शिवाय लाँग पोलिंग सुरू करा, म्हणजे क्यू रिकामी असली तर कॉल लगेच न परतता मेसेजची वाट बघत थांबतो. रिसीव्हच्या कॉलमध्ये वेट टाइम सेकंद्स २० द्या, त्याहून जास्त चालत नाही. आत्ता तुमच्या तीन प्रोसेस दर सेकंदाला विचारतात: दिवसाला २,५९,२०० रिक्वेस्ट, महिन्याला पाऊण कोटीच्या वर. महिन्याच्या पहिल्या १० लाख रिक्वेस्ट फुकट असतात, त्या चार दिवसांतच संपत असतील. २० सेकंदांच्या लाँग पोलिंगनं क्यू रिकामी असतानाचा खर्च महिन्याला चार लाखांच्या आत येतो. आणि शॉर्ट पोलिंग एसक्यूएसच्या काहीच सर्व्हरना विचारतं, त्यामुळे मेसेज असूनही कधीकधी उत्तर रिकामं येतं. लाँग पोलिंग सगळ्यांना विचारतं.

एक गोष्ट तपासून सांगा, कारण तुमच्याकडे दुबार दोन ठिकाणांहून येत असावेत असा माझा संशय आहे. प्रत्येक मेसेज उचलताना मेसेज आयडी आणि अप्रॉक्सिमेट रिसीव्ह काउंट लॉगमध्ये लिहा. हा काउंट आपोआप येत नाही, रिसीव्हच्या कॉलमध्ये मागावा लागतो. दुबार पावतीचा मेसेज आयडी तोच आणि काउंट २ असेल तर वर सांगितलेलं कारण. आयडी वेगळे आणि दोन्हींचा काउंट १ असेल तर काट्यावरूनच दोनदा आलंय.


रानवारा_लातूर

फिफो घ्या, दुबार आणि क्रम दोन्ही तिच्यात सुटतं. स्टँडर्ड क्यूचं वचनच 'किमान एकदा' पोचवण्याचं आहे, क्रमाची हमी नाही. फिफोत मेसेज ग्रुप आयडी म्हणून पावती नंबर द्या, म्हणजे एका पावतीचे दोन्ही मेसेज क्रमानं येतील आणि वेगवेगळ्या पावत्या एकमेकींसाठी खोळंबणार नाहीत. डिडुप्लिकेशन आयडी (दुबार मेसेज ओळखायची खूण) म्हणून पावती नंबर आणि पुढे 'भरलेली' किंवा 'रिकामी'. क्यूचं नाव डॉट फिफोनं संपलं पाहिजे. असलेली स्टँडर्ड क्यू बदलून फिफो होत नाही, नवी काढावी लागते. वेगाची चिंता नको, बॅच न करताही सेकंदाला ३०० कॉल चालतात. तुमचे दिवसाचे ८००.

ग्रुप आयडीला नुसतं 'काटा' असं एकच नाव मात्र देऊ नका. मग सगळा कारखाना एका ग्रुपमध्ये येतो आणि एक मेसेज अडला की मागचे सगळे अडतात.


गोदाकाठ_नांदेड

रानवारा, ग्रुप आयडीचं बरोबर सांगितलंत, पण या माणसाचं दुखणं फिफोनं जाणार नाही.

क्रमाचं आधी. फिफो क्रम पाळते तो क्यूत पोचण्याचा, वजन करण्याचा नाही. इथे दोन काटे, दोन पीसी, दोघांचं नेट स्वतंत्रपणे जाऊ शकतं. भरलेल्या काट्याच्या पीसीवर मेसेज अडकला, गाडी यार्डात रिकामी होऊन दुसऱ्या काट्यावर गेली आणि तिथलं नेट चालू आहे. तर रिकामं वजन आधी पोचणार. फिफो तो उलटा क्रम इमानेइतबारे जपणार.

दुबारचंही तसंच. फिफोची डिडुप्लिकेशनची खिडकी ५ मिनिटांची आहे. नेट दोन तास गेलं, जाताजाता पाठवलेला मेसेज खरं तर पोचला होता पण उत्तर परत आलं नाही, आणि ऑपरेटरनं दोन तासांनी 'पुन्हा पाठवा' दाबलं, तर तोच डिडुप्लिकेशन आयडी असूनही फिफो तो नवा म्हणून घेते. घेणाऱ्याच्या बाजूनं व्हिजिबिलिटी टाइमआउट उलटला तर फिफोतही मेसेज परत दिसतो. वर मुदत संपलेल्या हँडलनं फिफोत डिलीट होतच नाही.

म्हणून क्यू कोणतीही असो, दुबार आणि उलटसुलट मेसेज येणारच असं धरून घेणारी बाजू लिहा. पोस्टग्रेसमध्ये पावतीसाठी एकच ओळ: हंगाम, पावती नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ, एसएमएस स्थिती. हंगाम आणि पावती नंबर मिळून युनिक की. नंबर दरवर्षी एकपासून सुरू होत असणार, त्यामुळे नुसता नंबर की म्हणून ठेवलात तर पुढच्या गाळपाला २०२५-२६ च्या पावत्यांशी टक्कर होईल.

मेसेज भरलेल्याचा असो की रिकाम्याचा, 'इन्सर्ट, ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट' (ओळ नसेल तर घाल, असेल तर बदल) करून आपापला रकाना भरायचा. रकाना आधीच भरलेला असेल आणि आकडा तोच असेल तर काही न करता मेसेज डिलीट करायचा. आकडा वेगळा असेल तर मात्र वर लिहायचं नाही. ती ओळ तपासणीला बाजूला काढायची, कारण तो दुबार नाही, कुणीतरी फेरवजन केलंय किंवा नंबर चुकलाय. दोन्ही रकाने भरले की निव्वळ काढायचं. कोणतं आधी आलं याला महत्त्वच उरत नाही आणि तुमची दुसरी अडचण क्यूला हात न लावता मिटते.

एसएमएस याच प्रोग्रॅममधून काढून टाका. निव्वळ निघालं की स्थिती 'बाकी' करायची आणि या प्रोग्रॅमचं काम संपलं. एका मेसेजला ४ सेकंदांऐवजी काही मिलिसेकंद लागतील. एसएमएस पाठवणारा वेगळा छोटा प्रोग्रॅम ठेवा. त्यानं आधी 'बाकी असेल तरच पाठवतोय कर' असं एकच अपडेट चालवायचं. बदललेल्या ओळींची संख्या १ आली तर ती पावती त्याची, ० आली तर दुसऱ्या कुणीतरी घेतली. मग एपीआयला कॉल, मग 'पाठवला'. कॉल झाल्यावर आणि 'पाठवला' लिहायच्या आधी मशीन बंद पडलं तर ती ओळ 'पाठवतोय'वर अडकते. अशा ओळी आपोआप परत पाठवू नका. एसएमएसवाल्याच्या डिलिव्हरी रिपोर्टशी ताडून बघा. शेतकऱ्याला उशिरा आलेला एसएमएस चालतो. एका खेपेचे दोन आले की तो दोन खेपा धरतो आणि पंधरवड्याच्या बिलाला येऊन भांडतो.

मोबाइल नंबर नऊ आकडी असणं, नंबरच नसणं, असले दोष कितीही वेळा पाठवून सुधारत नाहीत. तिथे स्थिती 'नंबर चूक' करून मोकळं व्हायचं. ते क्यूत परत ढकलत बसू नका.


काटा_कळंब

लॉग बघितला. दोन्ही प्रकारचे सापडले. बरेचसे तोच आयडी, काउंट २ आणि ३. पण काही पावत्यांचे आयडी वेगळे आहेत, म्हणजे काट्यावरून दोनदा गेलेत. एका ओळीत सगळं ठेवायचं आणि एसएमएस वेगळा काढायचं पटलं, ते करायला घेतलंय.

आता काट्याच्या बाजूचं सांगा. नेट नसताना ॲप अडकू नये यासाठी थ्रेड वापरू का? आणि दोन्ही पीसीवर आणि सर्व्हरवर एकच ॲक्सेस की आहे, ती ॲडमिनची. बदलायला पाहिजे हे कळतंय, पण परवानग्या कमी केल्या की कुठली तरी एरर येते.


गोदाकाठ_नांदेड

नुसता थ्रेड पुरत नाही. लाइट गेली की थ्रेडच्या मेमरीतलं सगळं गेलं. काट्यावर आउटबॉक्स ठेवा: एसक्यूलाइटची (एका फाइलीत मावणारा डेटाबेस) एक फाइल, तिच्यात वजनाचं टेबल आणि 'पाठवायचे' टेबल. 'सेव्ह' दाबलं की दोन्हींत ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जायची, कमिट झालं की पावती छापायची, गाडी पुढं. नेटचा आणि पावतीचा संबंध तोडायचा. पाठवणारा प्रोग्रॅम वेगळा, विंडोज सर्व्हिस म्हणून. तो 'पाठवायचे'मधून जुन्यात जुन्या दहा ओळी घेतो, सेंड मेसेज बॅचनं पाठवतो आणि जे गेले त्यांच्यापुढे खूण करतो. 'पुन्हा पाठवा'चं बटण काढूनच टाका.

एसक्यूलाइटला डब्ल्यूएएल मोड (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलीत लिहायची पद्धत) लावणार असाल तर सिंक्रोनस 'फुल'वर ठेवा. 'नॉर्मल'वर वेग मिळतो, पण लाइट गेली तर शेवटचे काही कमिट उडू शकतात. फाइल खराब होत नाही, नुसती वजनं गायब होतात, म्हणून लवकर लक्षातही येत नाही. तुमच्याकडे मिनिटाला एखादी गाडी. वेग कुणाला पाहिजे!

बॅचच्या उत्तरात एक फसवी गोष्ट आहे. दहापैकी तीन नाकारले तरी कॉल यशस्वीच दिसतो, एक्सेप्शन येत नाही. उत्तरात 'सक्सेसफुल' आणि 'फेल्ड' अशा दोन याद्या असतात. खूण फक्त पहिल्या यादीतल्यांपुढे करायची.

ॲप अडकतं त्याचं कारण बोटो३ चे मूळ टाइमआउट: कनेक्टला ६० सेकंद, रीडला ६०, आणि एकूण पाच प्रयत्न. लाइन पूर्ण तुटली तर एरर लगेच येते. पण राउटर चालू आणि पुढची फायबर तुटलेली असली की पॅकेट नुसती हवेत जातात आणि हे पाच मिनिटंसुद्धा ओढू शकतं. पाठवणाऱ्या बाजूला कॉन्फिगमध्ये कनेक्ट ५, रीड १०, प्रयत्न २ करा. फसलं तर २, ४, ८ असं वाढवत ६० सेकंदांपर्यंत थांबून परत, आणि त्यात थोडा रँडम वेळ मिसळा. हेच आकडे सर्व्हरच्या बाजूला चिकटवू नका बरं. तिथे लाँग पोलिंग २० सेकंद थांबतं. रीड टाइमआउट १० ठेवलात तर क्लायंट मध्येच फोन ठेवतो, तेवढ्यात एसक्यूएसनं मेसेज दिलेला असेल तर तो कुणाच्याच हातात न पडता व्हिजिबिलिटी टाइमआउट संपेपर्यंत झाकून राहतो. तिथे मूळचे ६० बरे.

आणखी एक. इंडिकेटरकडून आलेली ओळ जशीच्या तशी मेसेजमध्ये घालताय का? बऱ्याच इंडिकेटरच्या ओळीच्या सुरुवातीला एसटीएक्स, म्हणजे हेक्स ०२ हे कंट्रोल कॅरेक्टर असतं. एसक्यूएसला टॅब, लाइन फीड आणि कॅरेज रिटर्न सोडून ३२ च्या खालची कॅरेक्टर चालत नाहीत. 'इन्व्हॅलिड मेसेज कंटेंट्स' म्हणून नाकारतं. वजन आकड्यात काढून जेसनमध्ये घाला: पावती नंबर, हंगाम, प्रकार, वजन किलोत, काट्याचा क्रमांक, वेळ. गाडीचा फोटो जोडायचा विचार असेल तर तो एसथ्रीमध्ये (ॲमेझॉनची फाइल साठवायची सेवा) आणि मेसेजमध्ये फक्त त्याची की, म्हणजे तिथलं फाइलचं नाव. मेसेजची मर्यादा बरीच वर्षं २५६ केबी होती, २०२५ मध्ये १ एमबी झाली, पण दर ६४ केबीला एक रिक्वेस्ट मोजली जाते.


वाळूज_बॅकएंड

परवानग्यांचं मी सांगतो. काट्यांसाठी दोन वेगळे आयएएम युजर (आयएएम म्हणजे ॲमेझॉनची परवानग्यांची व्यवस्था), प्रत्येकाला फक्त सेंड मेसेजची परवानगी, तीही त्या एकाच क्यूच्या एआरएनवर, म्हणजे तिच्या पूर्ण ओळख-नावावर. बॅचला वेगळी परवानगी लागत नाही, सेंड मेसेजमध्येच ती येते. पीसी चोरीला गेला तर ती एक की बंद करायची, दुसरा काटा चालू राहतो. सर्व्हरला की देऊच नका, ईसी२ ला रोल जोडा: रिसीव्ह मेसेज, डिलीट मेसेज, चेंज मेसेज व्हिजिबिलिटी, गेट क्यू ॲट्रिब्यूट्स. बस्स.

'परवानगी कमी केली की एरर' हे बहुतेक वेळा एका ओळीमुळे होतं. ॲप सुरुवातीला क्यूच्या नावावरून यूआरएल विचारत असेल, तर गेट क्यू यूआरएलची परवानगी लागते. एक तर ती द्या, नाही तर पूर्ण यूआरएलच कॉन्फिगमध्ये लिहा. मी यूआरएल लिहितो, एक कॉल वाचतो. 'क्यू अस्तित्वात नाही किंवा तुम्हाला परवानगी नाही' असा जोड संदेश आला तर आधी रीजन बघा. क्लायंटचं रीजन एपी साउथ १ हवं. कॉन्फिगमध्ये यूएस ईस्ट १ राहिलं असेल तर व्हर्जिनियात तुमची क्यू कशी सापडणार!

एन्क्रिप्शन एसक्यूएसच्या स्वतःच्या कीनं असेल तर काही जास्तीचं लागत नाही. पण कुणी उत्साहानं केएमएसची (ॲमेझॉनची एन्क्रिप्शनच्या की सांभाळणारी सेवा) स्वतःची की लावली असेल तर पाठवणाऱ्याला जनरेट डेटा की आणि डिक्रिप्ट, घेणाऱ्याला डिक्रिप्ट, या केएमएसच्या परवानग्या वेगळ्या द्याव्या लागतात. नाही तर एसक्यूएसच्या परवानग्या बरोबर असूनही 'ॲक्सेस डिनाइड'.

आता सिग्नेचर. प्रत्येक रिक्वेस्टवर वेळेसकट सही असते, आणि पीसीचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा १५ मिनिटांहून जास्त चुकलं की एसक्यूएस ती नाकारतं. 'एक्सपायर्ड' म्हणजे घड्याळ मागे आहे. 'नॉट येट करंट' आलं असतं तर पुढे. रिकाम्या काट्याच्या पीसीचा मदरबोर्डवरचा सेल उतरलाय: पीसी बंद असताना घड्याळ थांबतं, सुरू झाल्यावर तिथूनच पुढे चालतं. मग विंडोज नेटवरून वेळ जुळवतं, आणि तुम्हाला वाटतं आपोआप चालू झालं. सीआर २०३२ चा सेल बदला. ही आपोआप जुळणीही बेभरवशाची आहे: डोमेनमध्ये नसलेल्या विंडोज पीसीवर फरक १५ तासांहून जास्त असेल तर टाइम सर्व्हिस तो स्वतःहून दुरुस्त करत नाही. पूर्ण मेलेल्या सेलनं तारीख काही वर्षं मागं गेली तर सहीपर्यंत गोष्ट जातच नाही, आधीच टीएलएस (सुरक्षित जोडणीच्या) सर्टिफिकेटची एरर येते.

सेल बदलल्यावर टाइमझोनही बघा. भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ जुळते, पण झोन यूटीसी ठेवलाय, असं असलं तर सहीतली वेळ साडेपाच तास पुढे जाते.

या पीसीवरच्या चुकीच्या घड्याळानं आधी काही पावत्यांवर चुकीची वेळ छापली असणार, तेही तपासा. मेसेजसोबत सेंट टाइमस्टॅम्प मागवता येतो, तो एसक्यूएसचा असतो, पीसीचा नाही. आउटबॉक्समुळे तो वजनानंतर बराच उशिराचा असू शकतो, पण तो वजनाच्या वेळेच्या आधीचा निघाला तर काट्याचं घड्याळ पुढे आहे, हे नक्की.


रानवारा_लातूर

फिफोचा हट्ट मागे घेतो, दोन पीसींचं लक्षात आलं नव्हतं. स्टँडर्डच ठेवा. पण डेड लेटर क्यू लावा, वरच्या चर्चेत ती राहिली. वेगळी स्टँडर्ड क्यू, त्याच रीजनमध्ये आणि त्याच खात्यात. मॅक्स रिसीव्ह काउंट ५. पाचदा उचलूनही डिलीट न झालेला मेसेज तिकडे जातो. हा आकडा १ ठेवू नका: प्रोसेस एकदा रीस्टार्ट झाली तरी चांगले मेसेज तिकडे पडतील.

मुख्य क्यूचा रिटेन्शन (मेसेज किती दिवस ठेवायचा) मुळात ४ दिवस असतो, तो १४ दिवस करा, जास्तीत जास्त तेवढाच होतो. डेड लेटरचाही १४ च. स्टँडर्ड क्यूत मेसेज तिकडे गेला तरी त्याचं वय मूळ क्यूत शिरला तेव्हापासूनच मोजतात. मुख्य क्यू १४ ची आणि डेड लेटर ४ ची असं उलटं झालं, तर पाच दिवसांचा मेसेज तिकडे जाताक्षणी नाहीसा होऊ शकतो.

क्लाउडवॉचमध्ये (ॲमेझॉनची देखरेखीची सेवा) दोन अलार्म पुरे. मुख्य क्यूत अप्रॉक्सिमेट एज ऑफ ओल्डेस्ट मेसेज ६०० सेकंदांवर गेलं की, आणि डेड लेटरमध्ये दिसणारे मेसेज ० पेक्षा जास्त झाले की. मुख्य क्यूतल्या मेसेजच्या संख्येवर अलार्म लावू नका, गाड्यांच्या गर्दीत उगाच वाजत राहील. काट्यांची नेट गेल्याचं मात्र या अलार्मना कळणार नाही, कारण तेव्हा क्यू रिकामीच असते. त्यासाठी आउटबॉक्समधल्या सर्वात जुन्या न गेलेल्या ओळीचं वय काट्याच्या स्क्रीनवरच दाखवा, १५ मिनिटांवर गेलं की लाल.


काटा_कळंब

सेल बदलला, झोन बरोबर होता. आउटबॉक्स एका काट्यावर लावला, फायबर उपसून बघितली. पावती अडकत नाही. डेड लेटर क्यू लावली तर लगेच काही जुने मेसेज तिकडे जाऊन पडले: भरलेल्याआधी पोचलेली रिकामी वजनं, आणि काही चुकीच्या मोबाइल नंबरचे. हे परत मुख्य क्यूत ढकलू का? ढकलले तर परत एसएमएस जातील याची भीती वाटायलीय.


गोदाकाठ_नांदेड

युनिक की असलेलं नवं टेबल आणि नवा प्रोग्रॅम सर्व्हरवर चालू होईपर्यंत ढकलू नका. तोपर्यंत ते १४ दिवस सुरक्षित आहेत, फक्त वय मूळ दिवसापासून धरा. या हंगामाच्या जुन्या पावत्या नव्या टेबलात आणताना ज्यांचे एसएमएस गेलेत त्यांची स्थिती 'पाठवला' करूनच आणा, नाही तर नवा प्रोग्रॅम सगळ्यांना 'बाकी' समजेल.

मग कन्सोलवर डेड लेटर क्यू उघडून स्टार्ट डीएलक्यू रीड्राइव्ह, म्हणजे डेड लेटरमधले मेसेज परत मुख्य क्यूत. वेग ठरवायची सोय आहे, सेकंदाला १ ठेवा आणि लॉगवर नजर ठेवा; गडबड दिसली तर मध्ये रद्द करता येतं. परत आलेल्या मेसेजना नवा मेसेज आयडी मिळतो आणि वयही शून्यापासून सुरू होतं, म्हणून तुमच्या कोडमध्ये मेसेज आयडीवरून दुबार ओळखायची एखादी ओळ राहिली असेल तर ती आधी काढा. ओळख पावती नंबरवरूनच. चुकीच्या नंबरवाले परत आले तरी 'नंबर चूक' होऊन थांबतील. ती यादी शेतकी विभागाला द्या, स्लिपबॉयकडून नंबर दुरुस्त होऊन आले की स्थिती हातानं 'बाकी' करा.